गाडी गेली, सामान उरलं: विक्रीच्या नोंदी

४ ऑक्टोबर

गाडी गेली. घेणाऱ्याला ती कंपनीतून निघाली तशीच हवी होती, त्यामुळे मधल्या काळात चढवलेलं सगळं उतरवलं आणि मूळचं सामान परत बसवून दिलं. आता गॅरेजच्या एका भिंतीला लागून चार मॅगव्हील (अलॉय चाकं), चार चॅनलचा ॲम्प (ॲम्प्लिफायर), सबवूफरसाठीचा वेगळा मोनो ॲम्प, पेटीसकट बारा इंची सबवूफर (खोल आवाजाचा स्पीकर), पुढच्या दारांतले कॉम्पोनंट स्पीकर, मागच्या ट्रेवरचे सहा-बाय-नऊ इंची स्पीकर, डबल डिन स्टिरिओ, जास्त अँपिअरचा अल्टरनेटर, पिवळट पडलेली हेडलाइटची जोडी आणि वायरींचं एक भलंमोठं भेंडोळं.

भंगारवाला एका खेपेत सगळं उचलायला तयार आहे, पण वजनावर. दुकानदारही घेईल, पण माल बंद निघाला तर काय, ही जोखीम तो माझ्याच भावातून कापणार. तपासणी मीच करून ती जोखीम कमी केली, तर तेवढे पैसे माझ्याकडे राहतात. सगळं गणित एवढंच आहे.

एक काम सामान उतरवण्याआधीच उरकलं होतं: प्रत्येक वस्तू गाडीत चालू असतानाचा व्हिडिओ. अल्टरनेटरसाठी हे फार गरजेचं. इंजिन चालू, बॅटरीच्या टोकांना मीटर, रीडिंग १४.२ व्होल्ट. मग हेडलाइट, पंखा आणि ॲम्प सगळं एकदम चालू केलं तरी १३.९ च्या खाली गेलं नाही. हाच अल्टरनेटर एकदा टेबलावर सुटा पडला की तो चार्ज करतो हे सिद्ध करायला टेस्ट बेंच लागतो, आणि तो कोणाच्या घरी नसतो.

६ ऑक्टोबर

विकायचं नाही ते आधी बाजूला काढलं. अर्धे झिजलेले ब्रेक पॅड आणि एक जुना ब्रेक होज. मागितलं तरी द्यायचे नाहीत. जुन्या सीटबरोबर आलेला सीटबेल्टही नाही. त्याच्या रीळाला प्रीटेन्शनर आहे, म्हणजे टक्कर होताच पट्टा खेचणारा छोटासा स्फोटक चार्ज. एअरबॅगही त्याच जातीची. असली वस्तू अनोळखी माणसाच्या हातात देऊन तो ती कशी बसवेल याची काळजी करत बसण्यापेक्षा ती नियमाने जिथे जमा करायची तिथे जमा करावी.

मॅगव्हीलवरच्या टायरांचंही तेच. नक्षी भरपूर शिल्लक आहे, आणि फोटोत तर ते झकास दिसतील. पण बाजूच्या भिंतीवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे १४१६ आहेत, म्हणजे २०१६ सालचा चौदावा आठवडा. खोबणीच्या तळाशी बारीक भेगा दिसतात. टायर काढून टाकणार, फक्त चाकं विकणार.

९ ऑक्टोबर

चाकं धुतली. आऱ्यांच्या मागे ओतलेले आकडे वाचायला टॉर्च आणि जुना टूथब्रश लागला: १५×६.५ जे, ईटी ४०. म्हणजे व्यास पंधरा इंच, रुंदी साडेसहा, आणि हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) टेकणारी बाजू चाकाच्या मध्यरेषेपासून ४० मिलिमीटर बाहेरच्या अंगाला. पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, कुठे लिहिलेला नाही. भोकं चार आहेत, त्यामुळे समोरासमोरच्या दोन भोकांच्या केंद्रांतलं अंतर मोजलं की झालं: १०० मिलिमीटर. पाच भोकांच्या चाकात बरोब्बर समोर भोकच नसतं. तिथे शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर घेऊन ०.५८८ ने भागावं लागतं. ५×११२ आणि ५×११४.३ या दोन मापांत ते अंतर दीड मिलिमीटरनेही बदलत नाही, म्हणून तिथे टेपचा भरवसा धरू नये, व्हर्नियरच घ्यावा.

मधलं भोक ६७.१, माझ्या गाडीचा हब ५४.१. मधली फट भरणाऱ्या प्लास्टिकच्या रिंगा जपून ठेवल्या होत्या, त्या चाकांबरोबरच देणार. नटही देणार, कारण या चाकांची बैठक शंकूसारखी आहे आणि कंपनीच्या पोलादी चाकांचे नट गोल बैठकीचे होते. चुकीच्या बैठकीचा नट आवळताना घट्ट वाटतो, पण टेकलेला असतो फक्त कडेवर.

बॅलन्सिंग मशीनवर चारही फिरवून घेतली. तीन सरळ आहेत. चौथ्याच्या आतल्या कडेला किंचित बाक आहे. त्या जागी खडूने बाण काढला आणि तोच फोटो सगळ्यात मोठा काढला.

१३ ऑक्टोबर

आज ॲम्प. पाठीवर सोनेरी अक्षरांत '१००० वॉट' लिहिलंय. बाजूला १५-१५ अँपिअरचे दोन फ्यूज आहेत, आणि माझा विश्वास त्या फ्यूजवर आहे. ३० अँपिअर गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे ४१४ वॉट. आतच एवढी शिरणार असेल तर बाहेर हजार कुठून येणार? त्यात हा एबी क्लासचा. आत गेलेल्या विजेतली निम्म्याच्या आसपास तो हीटसिंकमधून उष्णता म्हणून टाकून देतो. स्पीकरपर्यंत दोनशे-सव्वादोनशे पोचले तरी चांगला म्हणायचा.

अंदाजावर थांबलो नाही, मोजलं. बॅटरीला चार्जर जोडून ॲम्पच्या टोकांवर १३.६ व्होल्ट मिळवले. स्पीकरच्या जागी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर स्क्रूने आवळलेला ४ ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर. फोनमधून ५० हर्ट्झचा सूर सोडला. स्वस्त मीटर एसी व्होल्टेज ५० हर्ट्झला बरोबर दाखवतात, एक किलोहर्ट्झला त्यांच्यातले बरेच गडबडतात. लाटेचा आकार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप एका मित्राकडून आणला होता. लाटेचा माथा चपटा व्हायला लागेपर्यंत गेन वाढवला, मग थोडा मागे घेतला. मीटर १५.१ व्होल्ट. वर्ग करून ४ ने भागलं की ५७ वॉट. बाकीचे तीन चॅनलही एकेक करून तपासले, ५५ ते ५८ च्या मधेच. तोवर रेझिस्टर इतका तापला की पट्टीला हात लावता येईना.

म्हणजे चार चॅनल, प्रत्येकी साधारण ५५ वॉट आरएमएस (सलग मिळणारी ताकद). जाहिरातीत हेच लिहिणार, आणि शेजारी मोजतानाचं व्होल्टेजही. सीईए-२००६ या मानकात ॲम्पची ताकद १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या भारावर आणि विकृती एक टक्क्याच्या आत ठेवून मोजतात. ज्याला तुलना करायची त्याला माझं १३.६ माहीत असायला हवं. व्होल्टेज उतरलं की ताकद वर्गाच्या प्रमाणात उतरते, म्हणून साध्या सप्लायचा (आतलं व्होल्टेज स्थिर न ठेवणारा) ॲम्प इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टवर चालला तर १४.४ च्या मानाने जवळपास पाव ताकद गमावतो.

झाकण उघडून पाहिलं. कपॅसिटरचे माथे सपाट आहेत, फुगलेला एकही नाही. इनपुट न देता आउटपुटवर डीसी किती ते पाहिलं: प्रत्येक चॅनलवर काही मिलिव्होल्ट, म्हणजे ठीक. झाकणाच्या एका स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि सिरियल नंबरचा फोटो काढला. हा फोटो जाहिरातीसाठी नाही, माझ्यासाठी. परत आलेली वस्तू माझीच आहे ना, हे तेव्हा ओळखता आलं पाहिजे.

१५ ऑक्टोबर

स्पीकर. कॉम्पोनंटच्या दोन्ही मिडबासचा (संचातल्या मोठ्या स्पीकरचा) डीसी रोध ३.४ आणि ३.५ ओहम. ४ ओहमच्या स्पीकरला मीटर चारच्या थोडं खालीच दाखवतो, त्यात बिघाड काही नाही. हे जाहिरातीत लिहूनच टाकतो, नाहीतर कोणीतरी मीटर लावून 'हा ३.४ चा निघाला' म्हणत भाव पाडणार.

सबवूफरला दोन कॉइल, प्रत्येकी ४ ओहम. समांतर जोडल्या तर २, सलग जोडल्या तर ८. कोनच्या कडेवर दोन्ही हातांची बोटं सारखी टेकवून हळूच आत ढकललं, कानाशी घेऊन ऐकलं, खरखर नाही. मागच्या छिद्राशी नाक नेलं. जळलेल्या कॉइलला व्हार्निशचा एक उग्र वास येतो आणि तो बरेच दिवस जात नाही. इथे तसा काही नाही.

सहा-बाय-नऊंचं मात्र संपलंय. कोनभोवतीची फोमची कड बोटाने नुसती दाबली तर भुगा होऊन हातात आली. पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या ओलाव्याने वर्षांनी असा सडतो, वाजवा किंवा नुसता ठेवा. रबराची कड असती तर अजून टिकली असती. कॉइल शाबूत आहेत, चुंबक शाबूत आहे. 'दुरुस्तीसाठी' म्हणून विकणार.

पेटीचं घनफळ काढून ठेवलं, कारण जाणकार गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारतं. बाहेरून ४२×३८×३६ सेंटिमीटर, फळी १८ मिलिमीटरची. आतून ३८.४×३४.४×३२.४, म्हणजे ४२.८ लिटर. सबवूफर स्वतः व्यापतो ती जागा वजा केली की ४० च्या आसपास. सीलबंद पेटी, पोर्ट (हवा जायचं भोक) नाही. सबवूफरचे थील-स्मॉल आकडेही कंपनीच्या पत्रकातून उतरवून घेतले. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात पोर्टच्या पेटीचं गणित मांडलं, पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ते वाढवलं. त्यामुळे आज कोणीही स्पीकर न ऐकता, घरबसल्या, हा आपल्या पेटीत जमेल की नाही हे काढू शकतो. जुन्या सबवूफरला हे आकडे जोडले की विचारणारी माणसंच वेगळी येतात.

१८ ऑक्टोबर

स्टिरिओ. बेंचवर १२ व्होल्ट देऊन चालू केला. पिवळी वायर कायमची वीज, लाल चावीची, काळी अर्थ. पिवळी आणि लाल एकत्र करून दिली की टेबलावरही चालतो.

आत काय काय निघालं! फोनबुकमधली शेकडो नावं, शेवटच्या कॉलची यादी, नकाशात सेव्ह केलेलं 'घर' आणि 'ऑफिस'. फॅक्टरी रीसेट मारला, बंद करून परत चालू केला, सगळं खरंच गेलंय का हे स्वतः पाहिलं. डॅशकॅमचं कार्ड तर काढूनच घेतलं. गाडीचा भाग विकताना आपण घराचा पत्ताही बरोबर देतोय, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

मागचा हार्नेस (वायरींचा जुडगा) कनेक्टरसकट, न कापलेला. त्याचाही स्वतंत्र फोटो. कापलेल्या वायरींचा स्टिरिओ पाहिला की घेणाऱ्याच्या मनात पहिला विचार चोरीचा येतो, आणि तो चूक नाही. खरेदीचं बिल आहे, तेही जोडणार, नाव-पत्ता झाकून.

२० ऑक्टोबर

फोटो आणि मजकूर. फोटो ढगाळ उजेडात काढले. फ्लॅश चकाकी आणतो आणि ओरखडे लपवतो. प्रत्येक फोटोत टेप ठेवली. अल्टरनेटर कोरड्या ब्रशने झटकला, बस. त्याला चकाकीचा स्प्रे मारून नव्यासारखा करणारे लोक असतात. मला स्वतःला असला तुकतुकीत जुना अल्टरनेटर दिसला की मी दोन पावलं मागे सरतो.

शीर्षकात पार्ट नंबर आधी, बाकी सगळं नंतर. गिऱ्हाईक 'उत्तम स्थितीत' असं शोधत नाही, नंबर शोधतं. आणि दोष पहिल्या दोन ओळींत. बाक असलेलं चाक, ॲम्पच्या कोपऱ्यावरचा ओरखडा, स्टिरिओचं एक बटण दोनदा दाबावं लागतं. जुन्या मालाची किंमत मालाच्या अवस्थेइतकीच समोरच्याच्या मनात किती शंका उरल्या त्यावरही ठरते. दोष आपणच सांगितला की त्याची एक शंका मिटते, शिवाय बाकीच्या दाव्यांवर विश्वास बसतो.

२२ ऑक्टोबर

मेसेज यायला लागले.

'फायनल किती?'
'अजून आहे का?'
'दादा, वाजतो ना नक्की?'
'माझ्या जुन्या फोनशी अदलाबदल करता का?'

फक्त 'फायनल किती' विचारणाऱ्याला मी भाव पाडून सांगत नाही. ज्याने मजकूर वाचलेला नाही तो कुठल्याही आकड्याला जास्तच म्हणणार. उलट 'चौथ्या चाकाचा बाक आतल्या कडेला आहे की बाहेरच्या?' असं विचारणारा आला की समजायचं, हा घेणार. त्याच्याशी घासाघीस करायलाही मजा येते.

एकाने न विचारताच पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट धाडला. रक्कम मागितल्यापेक्षा जास्त. 'चुकून जास्त गेले दादा, वरचे परत करा, माझा माणूस येऊन सामान घेऊन जाईल.' खात्यात काहीच आलेलं नव्हतं. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. उत्तर न देता ब्लॉक केलं.

२५ ऑक्टोबर

चाकं गेली, पण पहिल्याला नाही.

पहिला आला तो आपल्या गाडीवर चाक लावून पाहतो म्हणाला. लावू दिलं. दोन नट बसले, तिसरा अर्ध्यात तिरका. मी त्याच्या हबवरचे बोल्ट मोजले: ९८ मिलिमीटर.

"दोनच मिलिमीटरचा तर फरक आहे काका. पान्याने आवळला की बसेल."

बसेल, खरंच बसेल. आणि मग प्रत्येक फेरीला बोल्ट वाकडा ताणला जाईल, तो कधी सैल होईल सांगता येणार नाही. ४×९८ हे माप फियाटच्या बऱ्याच गाड्यांना असतं. ४×१०० च्या इतकं जवळ आहे म्हणूनच फसवं. मी नाही म्हटलं. तो नाराज होऊन गेला, जाताना दोनदा म्हणाला की त्याच्या मेकॅनिकने चालेल म्हणून सांगितलंय.

दुसरा आला तो स्वतःचा व्हर्नियर घेऊनच. रिंगा आणि नट मिळतायत म्हटल्यावर खूश. बाक असलेल्या चाकाचे थोडे पैसे कमी केले, कारण ते सरळ करायचा खर्च त्याला येणारच.

२९ ऑक्टोबर

सबवूफर घ्यायला कॉलेजातला मुलगा आणि त्याचे वडील. मुलाला आकडे पाठ, वडिलांना यात काडीचा रस नाही, पण पाकीट त्यांच्या खिशात.

"पण हे चालतंय कशावरून?" वडील.

तिथे ॲम्प जोडलेला नव्हता. खणातून घड्याळातली दीड व्होल्टची बॅटरी काढली, दोन वायरी धरल्या. धन टोक धन टर्मिनलला, ऋण ऋणला. टप्प. बारा इंचाचा कोन पुढे सरकला आणि तसाच थांबला, वायर काढेपर्यंत. उलटी जोडली की मागे. वडिलांनी बॅटरी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः करून पाहिलं. मग दुसऱ्या कॉइलवर. मग परत पहिल्या.

"अहो बाबा, पुरे आता," मुलगा म्हणाला.

त्याचा ॲम्प २ ओहमला चालणारा आहे का, हे मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं. जोडण्याआधी ॲम्पवर काय लिहिलंय ते बघ, नाहीतर समांतर जोडलेल्या कॉइल त्याला जड जातील, असं सांगून जोडणीची आकृती पुठ्ठ्यावर काढून दिली. भाव त्यांनी कमी करून मागितलाच नाही.

३ नोव्हेंबर

चार चॅनलचा ॲम्प दूरच्या गावी जातोय. आधी पैसे, खात्यात दिसल्यावर पॅकिंग. फ्यूज काढून वेगळ्या पिशवीत, नॉब त्यांच्या जागीच. एका खोक्यात दुसरं खोकं, मधे चारही बाजूंनी दोन बोटं फोम. खोकं हलवलं तर आतून काही ऐकू येता कामा नये.

कॉम्पोनंट स्पीकरही त्याच दिवशी निघाले. स्पीकर पाठवताना लोक कोनला जपतात. मला धास्ती चुंबकाची असते. फेराइटचं चुंबक नुसतं गोंदाने चिकटलेलं असतं. खोकं कडेवर आदळलं की ते एक केसभर सरकतं, आणि मग कॉइल आतल्या आत घासायला लागते. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून चुंबकाच्या बाजूला फोम जास्त, आणि कोनवर स्पीकरच्या कडेवर टेकणारी पुठ्ठ्याची चकती. पॅक करतानाचा सलग व्हिडिओ घेऊन घेणाऱ्याला आधीच पाठवला, आणि उघडतानाचा तुम्हीही घ्या म्हटलं.

८ नोव्हेंबर

अल्टरनेटर गेला. ४ ऑक्टोबरच्या नोंदीतला व्हिडिओ पाठवला आणि पुढे प्रश्नच आला नाही. फक्त पुलीच्या खोबणी किती ते विचारलं: सहा. मोनो ॲम्प आणि स्टिरिओ एकाच माणसाने नेले.

हेडलाइटबद्दल एकाने सुचवलं की बारीक पॉलिश पेपरने घासून चकाचक करा, दुप्पट भावात जातील. जातीलही. पण पॉलिकार्बोनेटच्या काचेवर अतिनील किरण अडवणारा थर असतो, घासताना तोही निघतो, आणि वरून नवा थर दिला नाही तर त्या परत पिवळ्या पडतात, आधीपेक्षा लवकर. पिवळट आहेत तशाच लावल्या. उजेड कुठे पडतो तो फोटो भिंतीवर मारून काढला.

१५ नोव्हेंबर

सहा-बाय-नऊ दुरुस्ती करणाऱ्या एकाने घेतले. त्याला कोन नकोच होते, सांगाडा आणि चुंबक हवं होतं.

वायरींच्या भेंडोळ्यातली पॉवर केबल चाकूने खरवडून पाहिली. वर तांब्याचा मुलामा, आत चंदेरी. तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम. शुद्ध तांब्याचा भाव मागायचा प्रश्नच नाही. त्याच जाडीला ती वीजही कमी वाहते, म्हणून घेणाऱ्यांना स्पष्ट सांगितलं, आणि कोणी पुढे आलं नाही. ती तोलून भंगारात. आरसीए केबल एका पोराला अशाच देऊन टाकल्या.

राहिले दोन क्रॉसओव्हर (उंच आणि खालचे सूर वेगवेगळ्या स्पीकरांकडे वाटणारे), फार जुन्या स्पीकरांचे. जोडीतल्या एकाचा कपॅसिटर फुटलेला आहे. 'सुट्या भागांसाठी' असं लिहून लावले, तर रात्री मेसेज: 'फुटलेल्यातली कॉइल तेवढी मिळेल का? माझ्याकडे नेमकी तीच तुटलीये.' त्याने पार्ट नंबरही लिहिलाय. मिळेल म्हणून कळवलं. उद्या सोल्डरिंग आयर्न काढायचं.